वीज गेली की राउटरचं ॲडमिन पान उघडत नाही, पासवर्डही चालत नाही: दर वेळी तेच का होतं?

आमचं घर कराडला. खाली मोठे दीर, जाऊबाई आणि सासूबाई, वरच्या मजल्यावर आम्ही. फायबरचं कनेक्शन दोघांत एकच. कंपनीने बसवलेला फायबरचा डबा खाली टीव्हीच्या शेजारी आहे. तिथून एक लॅन केबल खिडकीतून वर येते आणि आमच्या स्वतःच्या राउटरला जोडलेली आहे. मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. नेट गेलं की पंधरा मुलं ताटकळत बसतात.

गेल्या पावसाळ्यापासून एक दुखणं मागे लागलं होतं. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा खालून जाऊबाईंची हाक यायची, "अगं, नेट गेलं बघ परत! तुमच्याकडे तरी आहे का?" मी वरून म्हणायचे, "नाही हो ताई, इथेही बंदच." वायफाय जोडलेलं दिसायचं, पट्ट्या पूर्ण असायच्या, पण एकही पान उघडायचं नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये, म्हणजे ॲडमिन पानावर, शिरावं तर कधी लॉगिनचं पानच येत नसे. कधी यायचं, पण डायरीत लिहून ठेवलेला पासवर्ड चुकीचा ठरायचा. वायफायवाला मुलगा यायचा, पाच-दहा मिनिटं लॅपटॉपवर काहीतरी करायचा आणि सगळं सुरू व्हायचं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी त्याला बोलावलंच नाही. मूळ शोधायला दोन रविवार गेले, पण ते सापडलं. ज्यांच्या घरी असे दोन डबे आहेत आणि हेच दुखणं आहे, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. इथे पत्ते देवनागरी आकड्यांत लिहिलेत, पण टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असला तर १९२.१६८.१.१ मधले आकडे देवनागरीतच उमटतात आणि राउटरचं पान काही केल्या येत नाही. आमच्या सासऱ्यांच्या भावाचा अर्धा तास यातच गेला होता.

आधी साध्या गोष्टी तपासा

पत्ता ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या पट्टीत लिहायचा. पानाच्या मधोमध असलेल्या शोधाच्या चौकटीत लिहिला तर भलत्याच संकेतस्थळांची यादी येते, आणि त्यातली काही तर लॉगिनचं पान असल्यासारखीच दिसतात. तिथे पासवर्ड टाकू नका. एकच्या जागी इंग्रजी 'एल' किंवा शून्याच्या जागी 'ओ' पडलेलाही मी पाहिला आहे.

मोबाइलवरून बघत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. वायफायला नेट नाही असं दिसलं की फोन आपणहून डेटावर जातो. मग तुम्ही राउटरचा पत्ता लिहिता, पण तो शोध निघतो सिमकार्डच्या वाटेने, आणि त्या वाटेवर तुमचा राउटर नसतोच. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा. 'गेस्ट' नावाच्या वायफायवर असाल तर मुख्य वायफायवर या, कारण पाहुण्यांच्या जाळ्यातून ॲडमिन पानावर जायला बहुतेक राउटर मुद्दामच वाट देत नाहीत.

हल्लीचे ब्राउझर आधी सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसच्या वाटेने जायला बघतात. जुन्या राउटरला ती वाट नसते, म्हणून पान नुसतं फिरत राहतं. पत्त्याच्या आधी इंग्रजीत एचटीटीपी, मग कोलन (विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं), मग दोन तिरप्या रेषा असं पूर्ण लिहिलं तर ते उघडतं. याउलट काही राउटर सुरक्षित वाट देतात, पण त्यांचं प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच बनवलेलं असतं. त्यामुळे ब्राउझर लाल इशारा दाखवतो. पत्ता आपल्याच घरच्या राउटरचा आहे याची खात्री असेल, तर तिथे 'ॲडव्हान्स्ड'वर जाऊन पुढे जायला हरकत नाही.

आणि वायफायचा पासवर्ड वेगळा, ॲडमिन पानाचा वेगळा. हे माहीत असूनही घाईत आपण पहिलाच टाकतो. चार-पाच वेळा चुकला की बरेच राउटर काही वेळ कुलूप लावून बसतात. मग बरोबर पासवर्डही चालत नाही आणि गोंधळ आणखी वाढतो. अशा वेळी चहा करून या आणि मग बघा.

राउटरचा पत्ता अंदाजाने टाकू नका

सगळीकडे १९२.१६८.१.१ हाच पत्ता सांगितला जातो, पण तो प्रत्येक घरी खरा नसतो. टीपी-लिंकचे कितीतरी राउटर १९२.१६८.०.१ वर असतात, शाओमीचे १९२.१६८.३१.१ वर, मायक्रोटिकचे १९२.१६८.८८.१ वर, हुआवेचे बरेच फायबर डबे १९२.१६८.१००.१ वर. अंदाज बांधण्यापेक्षा आपल्या यंत्रालाच विचारावं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा आणि एंटर दाबा. 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा येईल तो राउटरचा पत्ता. अँड्रॉइडवर जोडलेल्या वायफायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून, आयफोनवर 'राउटर' म्हणून हाच आकडा दिसतो.

तिथे तुमच्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॉगिनच्या पानाच्या मागे लागू नका. त्याचा अर्थ असा की एकाही डब्याने तुमच्या यंत्राला पत्ता दिलेला नाही आणि यंत्राने स्वतःच एक घेतला आहे. आधी केबल, मग डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी राउटरमधली सोय), या क्रमाने बघायला लागेल.

आमच्याकडे गेटवे १९२.१६८.१.१ असाच यायचा. चांगल्या दिवशीही तोच, बंद पडलेल्या दिवशीही तोच. पत्ता बदलला नाही म्हणजे डबाही तोच असणार, असं मी धरून चालले होते, आणि तिथेच माझी दिशा चुकत होती.

एकाच पत्त्यावर दोन डबे

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, तसेच १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पट्टे घरातल्या आणि कार्यालयातल्या जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. इंटरनेटच्या नियमांच्या १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ते नोंदलेलं आहे. त्यामुळे कारखान्यातून निघणाऱ्या लाखो डब्यांवर तोच पत्ता असतो आणि दोन वेगळ्या घरांत असताना त्याने काही बिघडत नाही. असे दोन डबे एकाच केबलने जोडले की मात्र गोंधळ होतो. तुमचा लॅपटॉप हाक मारतो, "१९२.१६८.१.१ कोण आहे?" आणि दोघंही ओ देतात. ज्याचं उत्तर धरलं जाईल त्याच्याशी पुढचं बोलणं.

यातला नेमका कोण उत्तर देतो आहे ते ओळखता येतं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती तीच. प्रत्येक डब्याच्या मागच्या स्टिकरवर 'मॅक', म्हणजे त्या डब्याचा ओळखक्रमांक, म्हणून दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या छापलेल्या असतात. मी दोन्ही डबे उलटे करून त्यांचे फोटो काढले. खालच्या डब्याच्या शेवटच्या जोड्या होत्या ४सी आणि ई२, वरच्याच्या ९१ आणि ०ए. मग नेट नीट चालू असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी', एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून 'ए', असं इंग्रजीत लिहून एंटर दाबलं. १९२.१६८.१.१ समोर ४सी-ई२ आलं, म्हणजे खालचा डबा. ते कागदावर टिपून ठेवलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी वीज गेली, तासाभराने आली, आणि पाठोपाठ जाऊबाईंची हाक. मी लगेच तीच आज्ञा दिली. पत्ता तोच, १९२.१६८.१.१, पण समोर आलं ९१-०ए. उत्तर देत होता आमचा वरचा राउटर! त्याच्यामागे इंटरनेट नाहीच, म्हणून पानं उघडत नव्हती. आणि पासवर्ड मी टाकत होते खालच्या डब्याचा, म्हणून तो चुकीचा ठरत होता. (स्टिकरवरच्या आणि पडद्यावरच्या मॅकमध्ये शेवटचं एखादं अक्षर पुढेमागे असू शकतं, कारण एकाच डब्याच्या लॅनला, वॅनला (बाहेरून नेट येतं ते भोक) आणि वायफायला लागोपाठचे क्रमांक दिलेले असतात. बाकीच्या जोड्या जुळल्या की पुरे.)

आता प्रश्न उरला तो असा: वरच्या राउटरचा पत्ता त्या वायफायवाल्या मुलाने १९२.१६८.१.२ करून दिला होता आणि त्याचा डीएचसीपी बंद केला होता. मग तो परत १.१ वर आला कसा?

'ॲप्लाय' केलं, पण कायमचं जतन झालं नाही

याचं उत्तर राउटरच्या मेनूत एका कोपऱ्यात होतं. आमच्यासारख्या बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये आणि फायबरच्या डब्यांमध्ये 'ॲप्लाय' दाबलं की बदल लागू होतो, पण तो राहतो चालू स्मृतीत. डबा चालू आहे तोवर टिकतो. कायम राहणाऱ्या स्मृतीत उतरवायला 'कमिट अँड रीबूट' किंवा 'सेव्ह' असं वेगळं बटण असतं, बहुतेक वेळा 'मेंटेनन्स', 'मॅनेजमेंट' किंवा 'सिस्टिम'च्या पानात. ते दाबलं नाही आणि वीज गेली की डबा शेवटच्या जतन केलेल्या स्थितीत उठतो.

दर वेळी मुलगा येऊन पत्ता बदलायचा, डीएचसीपी बंद करायचा, 'ॲप्लाय' दाबायचा आणि नेट चाललेलं दाखवून जायचा. पुढची वीज जाईपर्यंत ते व्यवस्थित चालायचं. आणि मला संशय न यायचं आणखी एक कारण होतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड अगदी सुरुवातीला घालून जतन झालेले होते, म्हणून ते जसेच्या तसे राहायचे. मोबाइल आपणहून जोडले जायचे. नाव तेच दिसतंय म्हटल्यावर डब्याच्या आतलं काही बदललं असेल हे मनातच येत नाही.

खालचा डबा इन्व्हर्टरवर आहे, वरचा नाही. म्हणून खालचा कधी बंदच पडत नसे. डायरीत बघितलं तर नेट गेल्याचा प्रत्येक दिवस वीज गेल्याचाच दिवस होता. तुमच्याकडेही असं होत असेल तर दोन महिने नुसत्या तारखा लिहून ठेवा. राउटरच्या 'सिस्टिम लॉग'मध्येही पुरावा मिळतो. राउटरच्या घड्याळाला बॅटरी नसते, त्यामुळे उठल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत कितीतरी डबे १ जानेवारी १९७० अशी तारीख लावतात. नोंदींच्या मधेच १९७० साल दिसलं की त्या क्षणी डबा बंद पडून पुन्हा सुरू झाला असं समजायचं.

दुरुस्ती कशी केली

दोन डबे एकमेकांना जोडलेले असताना यातलं काहीही करू नका, तुम्ही भलत्याच पानावर काम करत बसाल. मी आधी वरच्या राउटरची खालून आलेली केबल काढली, वायफाय बंद केलं आणि लॅपटॉप एका छोट्या केबलने थेट राउटरच्या लॅन भोकात जोडला. आता १९२.१६८.१.१ म्हणजे वरचाच डबा, दुसरा कोणी नाही. स्टिकरवरच्या मूळ पासवर्डने पान उघडलं, कारण बदललेला पासवर्डही जतन झालेला नव्हता.

डीएचसीपी बंद केला की हा राउटर लॅपटॉपला पत्ता देणार नाही, म्हणून आधीच लॅपटॉपला हाताने पत्ता दिला: १९२.१६८.१.१०, आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मग राउटरच्या लॅन पानात पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि 'ॲप्लाय' दाबलं. इथे पान गोठतं. पहिल्यांदा मी घाबरले होते, पण ते बरोबरच आहे: ज्या पत्त्यावर आपण बोलत होतो तो आता उरलेलाच नाही. ब्राउझरमध्ये नवा पत्ता लिहिला, पुन्हा लॉगिन केलं, डीएचसीपी सर्व्हर बंद केला, ॲडमिन पासवर्ड बदलला, आणि मग 'कमिट अँड रीबूट'. दोन मिनिटं थांबले.

यानंतरची पायरी कोणी करत नाही आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. राउटरचा प्लग मुद्दाम ओढून काढला, अर्धा मिनिट थांबले, परत लावला. मग १९२.१६८.१.२ उघडून पाहिलं. पान आलं, नवा पासवर्ड चालला, डीएचसीपी बंदच होता. खात्रीसाठी आणखी एकदा काढून लावला. मुलगा घरात असतानाच हे करून घेतलं असतं तर पहिल्याच खेपेला विषय मिटला असता. तुमच्याकडे कोणी दुरुस्तीला आलं तर त्यांना आदराने पण ठामपणे सांगा, "दादा, जायच्या आधी एकदा प्लग काढून लावून दाखवा."

शेवटी खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या लॅन भोकातच लावली, वेगळ्या रंगाच्या वॅन भोकात नाही. घरभर एकच जाळं हवं असेल, म्हणजे खालच्या टीव्हीवर वरच्या मोबाइलवरून फोटो दाखवायचे असतील, तर अशीच जोडणी लागते. तुमच्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. पत्त्याची आणि डीएचसीपीची बरीचशी व्यवस्था तो स्वतःच करतो. लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्याच्या घरी गेल्यावर नेट चालणार नाही.

एक बारीक गोष्ट राहिली होती, ती आठवड्याने लक्षात आली. खालचा डबा घरातल्या यंत्रांना १९२.१६८.१.२ पासून पुढचे पत्ते वाटत होता. म्हणजे एखाद्या दिवशी सासूबाईंच्या मोबाइललाच १.२ मिळाला असता आणि वरच्या राउटरशी त्याचं भांडण लागलं असतं. खालच्या डब्याच्या डीएचसीपी पानात सुरुवात १९२.१६८.१.२० पासून केली, त्यामुळे १.२ ते १.१९ हे पत्ते आता आमच्या हातात आहेत. प्रिंटरलाही त्यातलाच एक दिला.

फायबरच्या डब्याचं रीसेट भोक

दुसऱ्या वेळी नेट गेलं तेव्हा दिरांनी टाचणी घेऊन खालच्या डब्याचं रीसेट भोक दहा सेकंद दाबलं होतं. त्यानंतर दोन दिवस घरात नेट नव्हतं. फायबरच्या डब्यात कंपनीशी जोडून घ्यायला लागणारं पीपीपीओई नाव आणि पासवर्ड, व्हीलॅनचा क्रमांक अशा कंपनीने दिलेल्या गोष्टी भरलेल्या असतात. रीसेटने त्या पुसल्या जातात आणि आपल्याकडे त्या लिहिलेल्या नसतात. स्वतःच्या राउटरला रीसेट करायचं तर करा, पण कंपनीच्या डब्याला त्यांच्याशी फोनवर बोलल्याशिवाय हात लावू नका. आणि त्यावर 'लॉस' नावाचा दिवा लाल दिसत असेल तर बिघाड बहुधा फायबरच्या वायरीत आहे. तिथे ॲडमिन पानाचा काही संबंधच नाही.

कंपनीच्या डब्याचा पासवर्ड तुम्ही बदलूनही परत बदललेला सापडत असेल, तर त्याचं कारण वेगळं असू शकतं. टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने कंपनी दुरूनच डब्यातल्या सेटिंग ठरवते, आणि तुम्ही केलेला बदल तिच्याकडून पुसला जातो. अशा डब्यांना बहुधा दोन लॉगिन असतात, एक ग्राहकाचं, एक त्यांचं. ग्राहकाचं लॉगिन मागून घ्या. वायफायचं नाव, पासवर्ड, डीएचसीपी एवढं त्यात सहसा करता येतं.

'कमिट' करूनही सेटिंग टिकत नसतील, किंवा वायफायचा दिवा पेटलेला असताना पान अर्धवट उघडून अडकत असेल, तर ॲडाप्टर बदलून बघा. राउटरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असताना घरातला दुसरा कुठला तरी अर्ध्या अँपिअरचा लावलेला असतो. पिन बसते, दिवे लागतात, पण भार आला की राउटर मध्येच पुन्हा सुरू होतो.

पानात शिरलाच आहात तर

मूळ पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ साली मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. आपल्या घरचा छोटा डबाही त्याच्यासाठी एक शिकारच. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय, बंद ठेवा. डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) रकान्यात तुम्ही न भरलेला अनोळखी पत्ता दिसला तर कंपनीला फोन करून तो त्यांचाच आहे का विचारा. तो दुसऱ्या कोणाचा असेल तर बँकेचं नाव टाकल्यावर भलतंच पान समोर येऊ शकतं.

सगळं जमल्यावर 'बॅकअप' दाबून सेटिंगची फाइल उतरवून घ्या आणि त्यानंतरच लॅपटॉप सोडवा. पुढे कधी रीसेट करायची वेळ आली तर 'रिस्टोअर'ने दोन मिनिटांत सगळं परत येतं. फाइल त्याच मॉडेलवर चालते, आणि तिच्यात पासवर्डही असतात, म्हणून ती कोणाला पाठवू नका. मी आमच्या दोन्ही डब्यांच्या पाठीवर जाड मार्करने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे, 'खालचा १.१' आणि 'वरचा १.२'. परवा वीज गेली आणि आली तेव्हा जाऊबाईंनी खालूनच विचारलं, "अगं, तुझा एक पॉइंट दोन उघडतोय ना?"

"उघडतोय हो ताई," मी म्हटलं, आणि क्लास सुरू केला.